कच्च्या रंगाची माशी

माशी पाठवा, मी नाव सांगते, अशी माझी शिरूर तालुक्यात बऱ्यापैकी ख्याती होती. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवता शिकवता जडलेला नाद. पेरू किडला, कारली सडली, की शेतकऱ्यांच्या ग्रुपवर मेलेल्या माशीचा फोटो यायचा आणि खाली कुणीतरी लिहायचं, "मॅडमना विचारा." मग मी ती माशी मागवून घ्यायची, कॉलेजच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली ठेवायची आणि वरच्या भिंगाला मोबाईल टेकवून फोटो काढायची. पंखांच्या शिरा, पाठीवरचे पट्टे, तोंडावरचे ठिपके बघत संध्याकाळ जायची. "हिचा सगळा जीव माश्यांत," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. मला ते ऐकायला आवडायचं.

एक दिवस ग्रुपवर माझ्या उत्तराखाली दुसरं उत्तर आलं. "मॅडमचं बरोबरच आहे, फक्त तोंडावरचे दोन ठिपके एकदा बघावेत." लिहिणारी माझीच विद्यार्थिनी. केंदूरची. वडील पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता कारल्याचा मळा करतात. पोरगी एमएस्सी होऊन दौंडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. सोबत तिनं स्वतः काढलेला माशीचा फोटो जोडला होता. ऑनलाइन मागवलेला छोटा मायक्रोस्कोप, एकाच माशीचे तीस-चाळीस फोटो, आणि ते सगळे कॉम्प्युटरवर एकावर एक रचून केलेला एक. माझ्या फोटोत डोकं स्पष्ट आलं की पाठ धुरकट व्हायची. तिच्या फोटोत माशीच्या अंगावरचा केस न् केस मोजून घ्यावा. आणि ठिपक्यांचं तिचंच खरं होतं.

मी जळले. याला सभ्य शब्द शोधण्यात अर्थ नाही. स्टाफरूममध्ये मी म्हणाले, "तिला फोटो येतो हो, माशी येत नाही." तिचाच फोटो अकरावीच्या वर्गाला दाखवला आणि इंटरनेटवरून घेतलाय म्हणून सांगितलं. हळूहळू ग्रुपवर "मॅडमना विचारा" च्या जागी "ताईंना विचारा" येऊ लागलं. तसं आलं की मी फोन पालथा ठेवायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा उचलून बघायची.

एकदा तिचे वडील पिशवीभर कारली घेऊन कॉलेजात आले. "पोरगी म्हंती, मॅडममुळं शिकले. न्हाईतर आमाला मेंढरावरची माशी आन् चहावरची माशी, येवढंच ठावं." मी हसून पिशवी घेतली आणि वाटेतच शेजारणीला देऊन टाकली.

मग फळमाशीच्या एका प्रकल्पावर सहायकाची जागा निघाली. नोकरी कायमची नव्हती, पण तासिकांच्या भरवशावर जगण्यापेक्षा लाख पटीनं बरी. दौंडला एका कार्यक्रमात उमेदवारांनी आपापलं काम मांडायचं होतं, त्यातून निवड. अशा जागेसाठी मला कधी कुणी विचारलं नव्हतं. आता वयही उरलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ती शिरूरला आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. वडिलांच्या मळ्यातली किडकी कारली बरणीत ठेवून तिनं माश्या काढल्या होत्या. कारल्याच्या नेहमीच्या माशीच्या पाठीवर तीन पिवळ्या रेघा असतात. हिच्या पाठीवर मधली रेघच नव्हती. म्हणजे ही वेगळी जात, आणि आमच्या दोन्ही तालुक्यांत आजवर आमच्यापैकी कुणाला न सापडलेली.

मी फोटो मोठा केला. फोटो अप्रतिम होता, त्यामुळेच मला सगळं दिसलं. पंख अजून दुधी होते. दोन डोळ्यांच्या वर, कपाळाशी, एक फिकट पिशवी किंचित बाहेर होती. कोशातून बाहेर पडताना माशी ही पिशवी फुगवून कोशाचं टोपण उडवते आणि मग पिशवी आत जाते. म्हणजे ही माशी जन्मून तासही झाला नव्हता. रंग चढायला तीन-चार दिवस लागतात, तोवर तिला साखरपाण्यावर जिवंत ठेवायचं असतं. पोरीनं घाईत कच्चीच मारली होती. मधली रेघ अजून उमटलीच नव्हती. जात नेहमीचीच होती.

ही चूक मीही पूर्वी केली होती. तेव्हा एका वयस्कर सरांनी चहा पिता पिता सहज सांगितलं होतं, "बाई, चार दिवस खाऊपिऊ घाला तिला, मग मारा." एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. ते ओठांवर आलंही.

"फोटो छान आलाय," मी म्हणाले.

"मग असंच मांडू, मॅडम?"

"मांड की."

दौंडच्या हॉलमध्ये मी मागच्या रांगेत बसले होते. पोरगी धीटपणे बोलली. शेवटी पडद्यावर माशी आली, खोलीएवढी, आणि खाली ओळ होती, "ओळख तपासणी: माझ्या शिरूरच्या मॅडम." निवड समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "बाहेर आल्यावर किती वेळानं मारलीत?"

"लगेच, सर."

"तेच म्हणतो. कपाळावरची पिशवी बघा. अहो, रंग तरी येऊ द्यायचा बिचारीला." हॉलमध्ये हशा पिकला. मग त्यांनी खालची ओळ वाचली. "आणि तपासणाऱ्या मॅडमच्याही लक्षात आलं नाही?"

माना वळल्या. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले. पडद्याजवळून तिचा आवाज आला, "सर, मॅडमना मी मोबाईलवर दाखवला होता. छोटा फोटो होता. चूक माझी आहे."

जागा दुसऱ्याला मिळाली. परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारीच बसली, कारण तिला त्या दिवशी केंदूरला घरी जायचं होतं. मी मनात शंभर गोष्टी जुळवत होते. पुन्हा जागा निघतात, तुझं वय आहे, असलं काहीबाही. वाटेतलं न्हावरं गाव मागं पडलं. मग तिनंच विचारलं.

"मॅडम, एक विचारू? ती पिशवी तुम्हाला खरंच दिसली नव्हती?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिनं भर सभेत माझ्यासाठी ते तयार करूनच ठेवलं होतं.

"दिसली होती," मी म्हणाले.

तिनं हातातला फोन उघडून माझ्यापुढे धरला. पुण्यातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होती, येत्या सोमवारची, माझ्या नावानं.

"मला वाटलं, मोतीबिंदू आला असेल तुम्हाला," ती म्हणाली. "जागा गेली त्याचं एवढं नव्हतं वाटलं. मघापासून तुमच्या डोळ्यांचंच टेन्शन आलं होतं."

तिनं सोमवारची वेळ रद्द केली, फोन पर्समध्ये टाकला आणि पुढची एक सीट रिकामी झाली तेव्हा उठून तिथं जाऊन बसली.