ठासलेले सुरुंग

दगडखाणीत सुरुंग ठासून झाले आणि पश्चिमेकडचं आभाळ काळवंडलं. दूर कुठंतरी गडगडलं. ठासलेला सुरुंग विजेनंही उडतो, म्हणून मी शिट्टी फुंकली आणि सगळ्यांना लांब उभ्या असलेल्या ट्रकमध्ये बसायला लावलं. तेवढ्यात सुरुंगासाठी भोकं पाडणारा गंगाराम मागं वळला.

"डबा राहिलाय, साहेब. पळत जातो नि येतो."

मी त्याचं मनगट धरलं. तो चिडला. "अजून पाऊसही नाही, नि तुम्ही कशाला भिताय?"

खरंच पाऊस नव्हता. वाराही पडला होता. अशा शांततेत भिणारा माणूस वेडाच दिसतो. संकट आलं नाही तर लोक त्याला हसतात, आणि आलं तर समजावून सांगायला वेळ उरत नाही. क्षणभर मला माझीच शंका आली. तरी त्याला ओढून ट्रकमध्ये घेतलंच.

दार लावलं आणि विजेनं सगळं पांढरंफटक झालं. पाठोपाठ खाण उडाली. बारीक खडे टपावर ताडताड वाजत राहिले.

धूळ बसली. मग गंगाराम हळूच म्हणाला, "साहेब, आमच्या घरी कळू देऊ नका. बायको उद्या कामावर पाठवायची नाही."