विलासभाऊजींचा कोंबडा

माझ्या दिरांनी, विलासभाऊजींनी, मला फसवलं. अस्सल कडकनाथ म्हणून दिलेला त्यांचा कोंबडा भेसळीचा निघाला.

आज त्याची महिन्याची पिलं वाणासाठी निवडताना मी एकेकाची चोच उघडली. कडकनाथाची जीभसुद्धा काळी असते. चौघांची गुलाबी निघाली.

"पिसं काळीच आहेत की गं, राहू दे," सासूबाई म्हणाल्या.

तळहातावर पिलू धडधडतं तेव्हा मलाही मोह होतो. पण मोहाला भुलले असते, तर काळ्या जिभेच्या दोन अस्सल कोंबड्यांपासून हा वाण उभाच राहिला नसता. चौघं वेगळ्या खुराड्यात गेली.

भाऊजींकडून घेताना कोंबड्याची चोच मात्र मी उघडली नव्हती. घरच्या माणसावर संशय कसा घ्यायचा?

भाऊजी, आता या. या पिलाची चोच उघडा आणि तुमच्या आईसमोर सांगा, याचा बाप कोण?