काकांनी उतरवलेल्या पाट्या

आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी आयुष्यात लिहिलेल्या पाट्या एकापुढे एक मांडल्या, तर नारायण पेठेतून थेट हडपसर गाठता येईल, आणि वाटेत कुठेही थुंकता येणार नाही. 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही,' ही दारावरची पाटी अख्ख्या पेठेला पाठ होती. पण खरा खजिना घरात. चपलांच्या फळीवर 'जोडीने ठेवाव्यात', बेसिनवर 'नळ गळत नाही, तुम्ही नीट बंद करत नाही', टीव्हीवर 'बातम्यांपुरताच'. केबलवर पन्नास चॅनेल आले, तरी ती पाटी हलली नाही. काकू गेल्यावर तर पाट्यांना विरोधी पक्षच उरला नाही. त्यांच्याकडे मी चहाचा कपसुद्धा विचारून उचलायचो.

त्यांचा मुलगा कॉम्प्युटरवाला. हडपसरच्या कंपनीत लागला आणि 'जाण्यायेण्यात फार वेळ जातो' असं सांगून तिकडेच राहायला गेला. जाताना एक कादंबरी विसरला, की मुद्दाम ठेवून गेला, देव जाणे. भिंतीभिंतीवरून माणसांना शिस्त लावणाऱ्या सरकारची ती जुनी, गाजलेली गोष्ट. काकांनी ती हातात पेन्सिल घेऊन वाचली.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"भयंकर आहे हो! माणसाला घरातसुद्धा मोकळा श्वास नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पण व्यवस्था मात्र चोख. एक नळ गळत असेल तर शपथ!"

नंतर त्यांनी ती पुन्हा वाचली. एका सकाळी ठोकाठोक ऐकून गेलो, तर काका स्टुलावर चढून पाट्या उतरवत होते.

"अहो, त्या सरकारचं हस्ताक्षर ओळखीचं वाटलं," एवढंच म्हणाले.

मी थक्क झालो. पुस्तकं मीही ढिगाने वाचली आहेत, पण त्यांच्यापायी घरातला एक खिळाही उपटलेला नाही.

रविवारी त्यांनी मुलाला जेवायला बोलावलं. "परत राहायला ये म्हणणार आहे. तुम्हीही या, मला एकट्याला बोलायला सुचायचं नाही," ते मला म्हणाले.

मुलगा आला. बेल एकदाच वाजली. त्याने वाकून चपला जोडीने लावल्या, हात धुतले, नळ घट्ट पिळला. रिकाम्या भिंतींकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

"अरे, टाक की कुठेही चपला," काका म्हणाले.

"असू दे बाबा. सवय आहे."

काका उठले. फळीपाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या चपला भिरकावल्या, एक दाराशी, एक पार खुर्चीखाली. मुलगा आधी चमकला, मग इतका हसला की त्याला ठसका लागला. राहायला येण्याचं मात्र "बघू" म्हणाला.

तो गेल्यावर आम्ही पाहिलं, तर काकांच्या चपला फळीवर होत्या. जोडीने.

"लावून गेला बघा," काका म्हणाले. आवाजात कौतुक होतं आणि डोळ्यांत पाणी. पुढे कितीतरी दिवस त्या चपलांना त्यांनी हात लावला नाही, भाजी आणायलासुद्धा बूट घालून जायचे.