नलिनीताईंचे विषाणू

मानेसरला कंपनीच्या बसमधून उतरत होते, तेवढ्यात नलिनीताईंच्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला. "ताई, आई सकाळी गेली... बिल्कुल शांत." दिल्लीत वाढलेल्या या मुलीला एरवीही मराठी शब्द शोधावे लागतात, त्या दिवशी आम्हा दोघींनाही सापडेनात. माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक नलिनीताई जाऊन आता दीड महिना झाला.

महाडजवळच्या गावातून मी दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत आले, ती विंचवाच्या विषावरच काम करायचं असं ठरवून. माझी लहान चुलतबहीण विंचू चावून गेली होती. ताईंनी ते ऐकून घेतलं, सांत्वन केलं नाही. टेबलाशी बसवून फाज डिस्प्ले नावाची पद्धत शिकवायला घेतली. विषाला घट्ट धरणारं प्रथिन हवं होतं. पण लाखोंमधून ते सापडलं, तरी कोणत्या डीएनएवरून बनलं हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. मग पुन्हा बनवायचं कसं? "शिंप्याच्या दुकानाबाहेर टांगलेले कुर्ते आठव," ताई म्हणाल्या. "समज, प्रत्येकाच्या खिशात तोच कुर्ता कसा बेतायचा ते लिहिलेला कागद आहे. जो अंगाला बसला, त्याच्या खिशात हात घालायचा. बस्स!" कुर्ता म्हणजे प्रथिन, कागद म्हणजे डीएनए, आणि दोघांना एकत्र ठेवणारा फाज, म्हणजे जिवाणूंनाच लागण करणारा विषाणू. त्याच्या आवरणाच्या जनुकाला आपल्या प्रथिनाचं जनुक जोडलं, की प्रथिन बाहेर टोकाशी येतं आणि त्याचा डीएनए त्याच विषाणूच्या पोटात राहतो. बारीक खळग्यांच्या, विष लावलेल्या प्लेटवर असे असंख्य विषाणू ओतायचे, न चिकटलेले धुऊन टाकायचे, चिकटलेले सोडवून जिवाणूंमध्ये वाढवायचे, की पुन्हा तेच, फेरीमागून फेरी. शेवटी उरलेल्यांचा डीएनए वाचला की प्रथिनाची कृती हाती येते.

चौथ्या फेरीनंतर माझी प्लेट पिवळीधमक झाली. विषाणू चिकटल्याची ती खूण. ताईंनी माझ्यावर विश्वास ठेवून अहवालावर सही केली, तो वर गेलाही. पंधरा दिवसांनी वही चाळताना त्या थांबल्या. "विष न लावलेले खळगे कुठे आहेत गं?" घाईत मी ते लावलेच नव्हते. ताईंनी स्वतः लावले... आणि तेही तितकेच पिवळे झाले. आमचे विषाणू विषाला नाही, प्लेटच्या प्लास्टिकला चिकटत होते.

पुढच्या आठवड्यात आढावा बैठक होती. आता माझं नाव निघणार, म्हणून मी मागच्या रांगेत अंग चोरून बसले होते. ताई उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "निकाल चुकीचा आहे. पडताळणी राहिली, ती चूक माझी. अहवाल मागे घेते." कोणीतरी हसलं. त्या वर्षी विभागप्रमुखपद त्यांच्याकडे येणार असं सगळे धरून चालले होते. ते दुसऱ्याला मिळालं. बाहेर व्हरांड्यात मी रडायला लागले. "रडून झालं की डबा खा," त्या म्हणाल्या. "उद्या पहिली फेरी." मग दीड वर्ष आम्ही आधी कोऱ्या प्लास्टिकवर विषाणू ओतत राहिलो, त्याला चिकटतील ते टाकायचे, उरलेले विषाकडे न्यायचे. ताई सोप्या नव्हत्या. एका खाडाखोडीसाठी त्यांनी मला अख्खं पान पुन्हा लिहायला लावलंय. पण त्यातून जे प्रथिन मिळालं, त्यानं उंदरांमध्ये विषाचा परिणाम रोखला. औषध अजून झालेलं नाही. मानेसरला मी त्यावरच काम करते.

परवा नोएडाला ताईंच्या घरी गेले. मुक्ता त्यांची खोली आवरत होती. "आई नेहमी सांगायची," ती म्हणाली, "माझ्याकडून एक मोठी चूक झाली, कोरे खळगे राहून गेले, म्हणून प्रमोशन गेलं. मला ते नेहमी अजीब वाटायचं. आई आणि विसरली?"

म्हणजे घरीसुद्धा...

"मुक्ता, ते खळगे मी विसरले होते."

आता ती रागावेल असं वाटलं. मग तिनं खिडकीजवळची ताईंची खुर्ची पुढे ओढली, तिच्यावरची पुस्तकं पलंगावर ठेवली आणि म्हणाली, "बस ताई. पूरा सांग."

मी बसले, आणि पहिल्यांदाच ती गोष्ट, माझं नाव घालून, शेवटपर्यंत सांगितली.