पहिल्या गाडीतली ग्लेनिस

ॲडलेडच्या उत्तरेला असलेल्या पीटरबरो गावात ग्लेनिस ट्रेझीसला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, कारण गावातली निम्मी पोरं तिने चालवलेल्या बसमधून शाळेला गेली. बसमध्ये तिचा शब्द शेवटचा. एकदा शिव्या देणाऱ्या एका पोराला तिने भर रस्त्यात उतरवलं होतं. तो हवालदाराचा मुलगा निघाला, आणि संध्याकाळी हवालदारच तिची माफी मागून गेला. घरच्या गाडीचं स्टिअरिंग मात्र नवऱ्याच्या हातात. नेव्हिल रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, गावातल्या जीपवाल्यांच्या क्लबचा म्होरक्या. वाळवंटात जायचं म्हटलं की पहिली गाडी नेव्हची, आणि त्याच्या डाव्या हाताला ग्लेनिस, मांडीवर नकाशा आणि पायाशी थर्मास. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

मग नेव्हची नजर जायला लागली. आधी तो कपाबाहेर चहा ओतू लागला. मग एकदा दुकानात भलत्याच बाईच्या खांद्यावर हात ठेवून “चल गं” म्हणाला. गाव हसलं, ग्लेनिसला हसू आलं नाही. ॲडलेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग निकामी होतोय. कडेकडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही. गाडी चालवणं आजपासून बंद. परत येताना गाडी तिने चालवली. नेव्ह सगळी वाट खिडकीकडे तोंड करून बसला, आणि घराच्या फाटकाशी आल्यावर म्हणाला, “सिम्पसनचं वाळवंट एकदा पार करू दे. मग किल्ल्या तुझ्या.”

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण या माणसाने उभ्या जन्मात तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. शिवाय समोरचा रडायच्या बेतात असला की ग्लेनिसचा सगळा दरारा गळून पडतो, हे नेव्हला चांगलं ठाऊक होतं. दोघांनी कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं आणि जुलैच्या, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याच्या, कडक थंडीत क्लबच्या सहा गाड्या घेऊन निघाले.

सिम्पसन म्हणजे एकामागे एक वाळूच्या टेकड्या. एक चढावी, उतरावी, की पुढची उभीच. चढ घेताना वेग सोडला तर चाकं रुततात, आणि माथ्यापलीकडून कोण येतंय ते माथ्यावर पोचेपर्यंत कळत नाही. म्हणून प्रत्येक गाडीच्या नाकावर उंच काठीला लाल झेंडा, म्हणून चढायच्या आधी रेडिओवर हाक, आणि पुढची गाडी उतरल्याचं सांगेपर्यंत मागच्याने पायथ्याशी थांबायचं. नेव्हची हाक चुकत नव्हती. बाकी सगळं ग्लेनिस करत होती. “डावीकडे. खड्डा. मऊ आहे, पाय काढू नको.” दिवसभर ती डोळ्यांत तेल घालून समोर बघायची, आणि संध्याकाळी मान अशी आखडायची की बटाटे सोलतानाही दुखायची. गाडीतून उतरल्यावर ती नेव्हचा दंड धरून त्याला शेकोटीपर्यंत न्यायची. लोकांना वाटलं, म्हातारपणी प्रेमाला भरतं आलंय. शेवटच्या गाडीतला लेस, नेव्हचा वर्कशॉपपासूनचा दोस्त, एकदा म्हणाला, “हात सोड गं त्याचा, इथे कुणी पळवून नेत नाही त्याला.” ग्लेनिस हसली. हात मात्र सोडला नाही.

तिला खरी भीती होती ती दुसऱ्या गाडीची. त्या गाडीत ब्रॉनविन होती, खाणीत काम करणाऱ्याची बायको. नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून दोन लहान मुलींना मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून ती एकटीच आली होती. वाळूत गाडी घालायची तिची पहिलीच वेळ. निघतानाच तिने सांगून टाकलं होतं, “मला काही कळत नाही बाबा. नेव्हची चाकं जिथून जातील तिथून माझी.” आणि खरंच ती त्याच्या चाकोरीतून तसूभर ढळत नव्हती. ग्लेनिसला आरशात ती गाडी दिसायची, मुलींचे हात हललेले दिसायचे, आणि ती नजर पुन्हा समोर वळवायची.

वाळवंट निम्म्याहून जास्त ओलांडून झालं होतं. दुपार कलली होती, ऊन पाठीमागे होतं. एका उंच टेकडीच्या पायथ्याशी नेव्हने हाक दिली, “चढतोय, पलीकडून कुणी आहे का?” रेडिओ गप्प राहिला. नेव्हने वेग घेतला. अर्ध्या चढावर ग्लेनिसला माथ्यावरच्या गवतामागे लाल टोक दिसलं, क्षणभर, आणि नाहीसं झालं.

“ब्रेक,” ती म्हणाली, आणि त्याच्या हातातलं स्टिअरिंग धरून तिने डावीकडे ओढलं.

गाडी वाट सोडून काटेरी गवतात घुसली आणि रुतली. त्याच क्षणी माथ्यावरून एक पिकअप उडाल्यासारखी आली, नेव्हच्या आरशाला घासून खाली गेली, आणि पायथ्याशी थांबलेल्या ब्रॉनविनच्या बॉनेटपासून हातभर अंतरावर थांबली. पिकअपवाल्या पोरांचा रेडिओ भलत्याच चॅनलवर होता. ती पोरं पांढरीफटक पडली होती.

रुतलेल्या गाडीत ग्लेनिसने आधी इंजिन बंद केलं. “तुला झेंडा दिसला होता?” तिने विचारलं.

“कोणता झेंडा?” नेव्ह म्हणाला.

संध्याकाळी तळावर नेव्हचा नुसता उदोउदो झाला. कुणी बिअर आणून दिली, कुणी मटणाचा पहिला तुकडा. ब्रॉनविनने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, तुझे डोळे नसते तर दोन्ही गाड्या धडकून आमच्या अंगावर आल्या असत्या, आज माझ्या मुली नसत्या. ग्लेनिसला वाटलं, आता हा काहीतरी म्हणेल, निदान विषय तरी बदलेल. नेव्हने बिअरचा घोट घेतला आणि सांगायला लागला. माथ्यावरचं गवत जरा हललं, मग झेंड्याचं टोक वर आलं, बोटाएवढं, लालभडक. इतकी वर्षं वाळवंटात काढली की असलं बरोबर दिसतं, म्हणाला. मुली तोंड उघडं टाकून ऐकत होत्या.

ग्लेनिसला त्याची कीव येत होती, ती त्या घडीला संपली. तिला राग आला, इतका की चिमटा हातातून निखाऱ्यात पडला. याला आता स्वतःचंच खरं वाटायला लागलंय, आणि उद्या हा पुन्हा पहिल्या गाडीत बसणार.

तंबूत शिरताना ती एवढंच म्हणाली, “उद्या मी चालवणार.”

“लोक विचारतील.”

“विचारू दे.”

“पलीकडचं बर्ड्सव्हिल गाव आलंच की, ग्लेन. थोडक्यासाठी माझी शोभा करू नको.” आवाज पुन्हा त्या फाटकापाशी होता तसाच. ग्लेनिसने या खेपेला त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

सकाळी निघायच्या आधी रेडिओवर हजेरी होते, पहिल्या गाडीपासून शेवटच्यापर्यंत. नेव्ह आपल्या दाराशी आला तेव्हा ग्लेनिस स्टिअरिंगमागे बसलेली होती. तो बॉनेटला चाचपत दुसऱ्या बाजूला गेला आणि बसला. तिने माईक उचलला.

“पहिली गाडी. ग्लेनिस चालवतेय. नेव्हला समोरचं दिसत नाही. निघालो तेव्हापासून दिसत नव्हतं. काल झेंडा त्याने नाही, मी बघितला.”

नंतर दुसऱ्या गाडीने आपला नंबर सांगायचा असतो. तो आला नाही. कुणाचाच आला नाही. नेव्हने डोळे मिटून घेतले होते. ग्लेनिसला मनातून वाटत होतं की कुणीतरी म्हणेल, बरं केलंस सांगितलंस. बाईमाणसाने एवढं धैर्य केलं तर तेवढी आशा असणारच.

आरशात ब्रॉनविनच्या गाडीचं दार उघडलं. ती वाळूतून चालत आली आणि ग्लेनिसच्या खिडकीशी थांबली. रडून आलेली नव्हती, चिडलेलीही दिसत नव्हती. नेव्हकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

“मागे माझ्या पोरी होत्या, ग्लेनिस.”

“मला माहीत आहे.”

“त्याला दिसत नव्हतं,” ब्रॉनविन म्हणाली. “तुला दिसत होतं.”

ती परत गेली. थोड्या वेळाने रेडिओवर लेसचा कोरडा आवाज आला. मी पुढे येतो, म्हणाला, ब्रॉनविनने माझ्या मागे राहावं, बाकीच्यांनी तिच्या मागे. ग्लेनिसने गाडी वाटेच्या कडेला घेतली. एकेक गाडी शेजारून गेली. एरवी शेजारून जाताना सलामादाखल स्टिअरिंगवरून चार बोटं तरी उचलतात. आज कुणी उचलली नाहीत. मुली मागच्या काचेतून बघत राहिल्या.

इंजिनांचा आवाज लांब गेला तसा नेव्हने डोळे उघडले आणि काचेकडे तोंड केलं.

“पुढे कोण आहे?” त्याने विचारलं.

“सगळे,” ग्लेनिस म्हणाली आणि तिने गाडी गिअरमध्ये टाकली.