घेमरे

आमच्या घेमऱ्याला रिकामा गोल दिसला की तो थांबायचा. गोलकीपर पडलेला, बॅक मागे राहिलेले, समोर जाळी उघडी, आणि हा पायाखाली बॉल दाबून मान वळवून मला शोधायचा. मी धापा टाकत पोचलो की बॉल अलगद सरकवायचा आणि ओरडायचा, "घे मरे!" मी सेंटर-फॉरवर्ड. गोल माझ्या नावावर लागायचे, तरी त्या क्षणी याचं टाळकं सडकावं असंच मला वाटायचं.

आमच्याकडे "घे रे बाबा" म्हणायची ही रीत, आणि या आरोळीवरूनच त्याचं नाव पडलं. गोवा मुक्त होऊन थोडीच वर्षं झाली होती. पेडणे-डिचोलीच्या घरांतून आमच्यासारखी मुलं पहिल्यांदाच म्हापशाच्या कॉलेजात पोचत होती. एका नव्या सरांना ते आडनावच वाटलं आणि त्यांनी हजेरीला "घेमरे" असं पुकारलं. हा पठ्ठ्या उठून "हजर" म्हणाला, आणि पुढे वर्षभर त्याच नावाला हजर म्हणत राहिला. खरं आडनाव सांगायला काय धाड भरली होती, असं मी विचारलं तर म्हणे, "सरांक कित्याक त्रास?"

तो मोरजीच्या बाजूचा, देवळाच्या गुरवाच्या घरातला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या ओल्या वाळूवर रापणीचं जाळं ओढणाऱ्या रापणकारांच्या मुलांबरोबर तो फुटबॉल शिकला. सेंटर-हाफला उभा राहिला की सगळं मैदान त्याला तळहातासारखं दिसायचं. मी कुठे आहे यापेक्षा मी कुठे पोचणार आहे हे त्याला आधी कळायचं, आणि बॉल तिथे येऊन माझी वाट बघायचा. आमचे कोच बाहेरून घसा फोडून "मार, मार!" म्हणत. हा हाफ टाइमला लिंबू चोखत सांगायचा, "गोल कोणय मारता, सर. पास दिवंक कळूंक जाय." कोच कपाळाला हात लावून दुसरीकडे बघायचे.

मैदानाबाहेरही तेच. कँटीनमध्ये पावाबरोबरची भाजी माझ्या बशीत यायची. बसमध्ये धडपडून मिळवलेली जागा तो पुढच्याच थांब्यावर कुणालाही द्यायचा आणि पेडण्यापर्यंत लोंबकळत जायचा. कुणी नको म्हटलं तर ऐकून घ्यायची पद्धत नव्हती. देऊन मोकळा व्हायचा आणि आपण बसायचं अवघडून.

शेवटच्या वर्षी आम्ही कॉलेजांच्या स्पर्धेत फायनलला पोचलो, आणि पणजीच्या एका क्लबाचा माणूस मॅच बघायला येणार असं कळलं. क्लब एका कंपनीचा. संघात घेतलं की कंपनीत कायमची नोकरी. जागा एकच होती आणि नजर घेमऱ्यावर होती. त्या माणसाने त्याला आमच्यादेखत सांगितलं, "तुझे पास मी पाहिलेत. आज गोल मारताना बघायचंय." आम्ही सगळ्यांनी त्याला शपथा घातल्या. नोकरीची गरज मलाही होती. माझे वडील डिचोलीच्या खाणीवर पाय गमावून आमोण्याला घरी बसले होते, आणि घेमऱ्याला हे माहीत होतं. पण जागा त्याची होती. मनात कुठेही खोट न ठेवता मीसुद्धा म्हणालो, "आज माझ्याकडे बघू नकोस. तूच मार."

बरोबरी चालू असताना शेवटाकडे आम्हाला पेनल्टी मिळाली. घेमरे बॉल ठेवून उभा राहिला. समोर फक्त गोलकीपर. आता तरी याला कुणाला द्यायची सोय नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. शिट्टी झाली, हा धावत आला आणि बॉल हळूच पुढे उजवीकडे सरकवून ओरडला, "घे मरे!"

पेनल्टीचा पास! माझे पाय सवयीने धावले आणि मी मारला. गोल झाला. रेफरीने क्षणभर विचार करून, नियमात बसतो म्हणून, तो दिला. क्लबाचा माणूस तणतणत आला. "पेनल्टीची थट्टा करणारा माणूस मला नको," असं म्हणत त्याने माझं नाव विचारून घेतलं.

परतताना मी घेमऱ्याची गचांडी धरली. तो म्हणाला, "सकाळीं कौल घेतलो. गोल मी मारूं? म्हूण विचारलें. देवीन डावी दिली." आमच्याकडे गुरवाने देवीच्या अंगावर लावलेली पाकळी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवीनेच नको म्हटल्यावर कोण काय बोलणार? मी गचांडी सोडली. नोकरी घेतली, घर उभं केलं, आणि दर वर्षी त्या देवीपुढे नारळ वाढवायला जात राहिलो.

मुलीचं लग्न ठरलं त्या वर्षी मन भरून आलं होतं, म्हणून गुरवाकडे, म्हणजे घेमऱ्याच्या थोरल्या भावाकडे, बोलून गेलो, "तेव्हा देवीने डावी दिली म्हणून माझं बरं झालं." तो म्हणाला, "डावी? पाकळी मींच लायल्ली. देवीन उजवी दिली, गाऱ्हाणें सोंपचे आदींच!"

म्हणजे गाऱ्हाणं संपायच्या आतच जिने त्याला होकार दिला होता, तिच्या नकाराबद्दल मी इतकी वर्षं नारळ फोडत होतो. तसाच घेमऱ्याच्या दुकानावर गेलो. आता गावात त्याचं किराणा दुकान होतं, आणि तिथेही तो "साबण त्याच्याकडेन बरो मेळटा" म्हणून गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात धाडत असे. मी जाब विचारला. घेमरे डोकं खाजवत म्हणाला, "आरे, देवीची उजवी ती आमची डावी. माझी चूक जाली." गुरवाच्या घरात जन्मलेला माणूस हे सांगतो! मी इतका ओरडलो की गिऱ्हाइकं जमली. शेवटी तो हळूच म्हणाला, "दिल्लो पास कोण परत मागता काय? बस, च्या घे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही तितकाच आला. चहा घ्यावाच लागला.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. मलाही न विचारता, नेहमीसारखाच. मी पोचलो तेव्हा तिरडी स्मशानाच्या वाळूच्या वाटेला लागली होती. पुढचा दांडा त्याच्या थोरल्या भावाच्या खांद्यावर होता. म्हातारा दमला, पाय वाळूत रुतले, तेव्हा त्याने मान वळवून मला शोधलं. मी धापा टाकत पोचलो.

"घे मरे," तो म्हणाला.

मी खांदा दिला. नको म्हणायची सोय त्या घराने मला कधी ठेवलीच नव्हती.