कंपनीकाकांचा नमस्कार

अमेरिकेतल्या एका बड्या मोटार कंपनीचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास कंपनीकाकांना तोंडपाठ होता, पण त्यांना गाडी चालवता येत नव्हती. हॉलंडमधल्या ब्रेडा शहराजवळ त्या कंपनीच्या सुट्या भागांचं गोदाम होतं, तिथे त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. कुठला नट कुठल्या मॉडेलचा, हे ते नुसत्या बोटांनी चाचपून सांगत. आणि कामावर जात सायकलवरून, ऊन असो, पाऊस असो, नाहीतर तिथला तो तोंडावर थपडा मारणारा वारा असो. कोणी खवचटपणे विचारलंच, तर म्हणत, "हलवायाने पेढे खायचे नसतात."

कंपनीचं नाव मात्र मी त्यांच्या तोंडून कधीही ऐकलं नाही. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं ते कायम "आमची कंपनी" म्हणायचे. संस्थापकाचा उल्लेख "म्हातारा". काकू म्हणायच्या, "माझं नाव मात्र दिवसातून पन्नास वेळा घेतात. चहा हवा असला की." तेव्हा या लेखात मीही ते नाव घेणार नाही. काकांना आवडलं नसतं.

मी या देशात आले ती ब्रेडातल्या एका मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी घेऊन, आणि काका-काकूंच्या घरी माळ्यावरच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिले. पहिल्याच संध्याकाळी वरण-भातासोबत मला अध्याय पहिला वाढण्यात आला. म्हातारा तेव्हा तरुण होता आणि घरामागच्या शेडमध्ये पहिली गाडी बनवत होता. गाडी तयार झाली, सुरू झाली, आणि मग लक्षात आलं की ती शेडच्या दारातून बाहेरच निघत नाही. "मग काय केलं असेल?" काकांनी भात कालवायचा थांबवून विचारलं. मी म्हटलं, गाडी सुटी केली असेल. "भिंत फोडली!" काकांनी टेबलावर हात आपटला. ताकाचा पेला कलंडला. काकू फडकं हातात घेऊनच बसल्या होत्या, कारण भिंत फुटली की ताक सांडतं हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

त्या वर्षभरात माझं पूर्ण पारायण झालं. म्हाताऱ्याचे पहिले दोन धंदे बुडाले आणि तिसरा कसा चालला. सगळ्या गाड्या काळ्याच का, तर तो रंग लवकर वाळायचा. कामगारांचा पगार एकदम दुप्पट का केला, तर जो गाडी बनवतो त्याला ती विकत घेता आली पाहिजे. इथे काकू हमखास विचारत, "आणि तुमचा कधी केला दुप्पट?" काका ऐकू न आल्यासारखं पुढच्या अध्यायाला हात घालत.

एका अध्यायाला मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. म्हाताऱ्याला एकुलता एक मुलगा होता. त्याला नवी मॉडेलं काढायची होती, रंग आणायचे होते, आणि म्हातारा ऐकायला तयार नव्हता. मुलगा बापाच्या आधी गेला. मग नातवाला ऐन युद्धात आरमारातून घरी बोलावलं आणि त्याने बुडणारी कंपनी सावरली. हे सगळं काका असं सांगत, की पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, त्यांच्याच चुलत घराण्यात घडलंय. मी चुकून म्हणाले, "अरेरे, कधी झालं हे?" त्यावर काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

काकांचा सगळ्यात लाडका अध्याय म्हणजे सरकता पट्टा. माणसाने कामाकडे जायचं नाही, काम माणसाकडे आलं पाहिजे. एका दिवाळीला त्यांनी हे तत्त्व करंज्यांना लावलं. घरी सहा-सात मराठी मंडळी जमली होती. त्यांना काकांनी जेवणाच्या टेबलाभोवती ओळीने उभं केलं. एकाने गोळा करायचा, दुसऱ्याने लाटायचं, तिसऱ्याने सारण भरायचं, चौथ्याने मिटायचं, मी कातणं फिरवायचं. जागा सोडायची नाही, बोलायचं नाही. स्वतः काका घड्याळ घेऊन येरझाऱ्या घालत होते. अर्ध्या तासात शे-सव्वाशे कच्च्या करंज्या टेबलावर, खिडकीत, फ्रिजवर, टीव्हीच्या कपाटावर पसरल्या आणि सुकून फाटायला लागल्या. काकू कढईपाशी झारा घेऊन उभ्या होत्या. "अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "तळणारी एकच आहे." काकांनी घड्याळ खिशात घातलं आणि म्हणाले, "आमच्या कंपनीलाही सुरुवातीला हाच त्रास झाला."

घरातली खरी ड्रायव्हर काकू. त्या मिरजेच्या, नर्सिंग शिकलेल्या. या देशात नोकरी त्यांना आधी लागली आणि काका मागोमाग आले. घरोघरी जाऊन रुग्ण बघायचं काम होतं, म्हणून त्यांनी इथे आल्याआल्या गाडी शिकून पहिल्या फटक्यात लायसन्स मिळवलं. आमच्या कंपनीचीच एक छोटी निळी गाडी त्यांच्याकडे होती. दर रविवारी काकू गाडी काढत आणि दोघं समुद्रावर जात, पोळी-भाजी आणि चहाचा थर्मास घेऊन. सव्वा तास काकू गाडी चालवत आणि काका शेजारी बसून इतिहास सांगत. गावाबाहेर पडताना एक चौक लागायचा. इथल्या बहुतेक चौकांसारखाच गोल, मध्ये हिरवळ. त्याच्या उजव्या बाजूला आमच्या कंपनीची शोरूम होती. ती आली की काका बोलणं मध्येच तोडून उजवा हात छातीला लावत, डोळे मिटत आणि मान लववत, मारुतीच्या देवळावरून जाताना करतात तसं. मग गोष्ट पुन्हा तुटली होती तिथून सुरू.

पुढे मी आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामात शिरले, तिकडेच राहायला गेले. महिन्यातून एकदा ब्रेडाला चक्कर असायची. अशाच एका चकरेत काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुझे कान दिसतायत ग, नाक कुठे गेलं?" त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चालला होता. समोरचं पुसट, कडेचं तेवढं शाबूत. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं आणि त्यांनी गाडी चालवायला कायमची बंदी केली. काकूंनी किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "समुद्र काय, कुठे पळून जातोय?"

पण रविवारी सकाळी त्या सवयीने लवकर उठत, थर्मास धुऊन पालथा घालत आणि खिडकीत बसून राहत. मी गाडीने नेते म्हटलं, तर "तुझाही रविवारच असतो" म्हणून उडवून लावलं. आगगाडी आणि बस बदलत एकदा गेले दोघं, तर जाण्या-येण्यातच दिवस संपला. मग एक दिवस काकांचा फोन आला. इतिहासाचा एक शब्दही न काढता ते थेट मुद्द्यावर आले.

"मी गाडी शिकतोय. अडुसष्टाव्या वर्षी. काकूला सांगू नकोस."

"काका, वा! पण मग पेढ्यांचं काय?"

"ते पेढे-बिढे सगळं खोटं ग. नोकरीला लागलो तेव्हा गोदामाच्या आवारात एकदा चालवून बघितली होती. मडगार्डांच्या ढिगात घातली. त्या दिवसापासून भीती बसलीय. पण ती अशी खिडकीत बसलेली बघवत नाही मला."

शिकवायला आनेके नावाची एक डच बाई होती, काकांच्या निम्म्या वयाची. तिची गाडी जपानी. पहिल्या दिवशी काका तिच्यात बसताना चपला काढाव्यात की काय अशा संकोचात होते, जणू सवतीच्या घरी पाऊल टाकत होते. आनेकेची एकच तक्रार होती. हा माणूस प्रत्येक सायकलवाल्यासाठी थांबतो, अगदी फुटपाथवर सायकल टेकवून गप्पा मारणाऱ्यांसाठीसुद्धा. काकांचं म्हणणं, "इतकी वर्षं मी पलीकडून बघितलंय. गाडीवाला थांबला की किती बरं वाटतं!"

काकूंपासून हे तीन आठवडेसुद्धा लपलं नाही. सायकलवरून घरी येणाऱ्या माणसाच्या कपड्यांना गाडीत टांगायच्या अत्तराचा वास कसा, एवढंच त्यांनी विचारलं. काकांनी लगेच कबूल केलं.

परीक्षेच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि काकूंना घेऊन केंद्रावर बसले. पाऊण तासाने काका आले. मागून परीक्षक, उंच, गंभीर, टापटीप मनुष्य. आमच्यासमोर बसून त्याने सांगितलं की गाडी शांत चालवली, आरसे बघितले, सायकलींचा तर आदर्श मान राखला. पण एका चौकात या गृहस्थांनी एक हात स्टिअरिंगवरून काढला, छातीला लावला आणि डोळे मिटले. त्याला आधी वाटलं, हृदयाचा झटका आला. त्याने स्वतः ब्रेक दाबला. मग यांना विचारलं, काय झालं? तर यांनी एका शेडची आणि भिंतीची गोष्ट सुरू केली.

काका नापास झाले होते. घरी आल्यावर बूट न काढताच खुर्चीत बसले. "हात आपोआप उठतो," ते म्हणाले. "मला कळतसुद्धा नाही. आता नाही जमायचं हे. तुझा समुद्र राहिला तो राहिलाच." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माणसाला मी त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि कुठे बघावं ते मला कळेना.

काकू चहाचं आधण ठेवत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "काम वाटून घ्यायचं, असं तुमच्या कंपनीनेच शिकवलंय ना? एकाने एकच काम करायचं. मग नमस्कार माझ्याकडे द्या. तुम्ही फक्त रस्ता बघा."

जन्मभर काकांनी सरकत्या पट्ट्याचं पुराण सांगितलं, आणि त्याचा पहिला बिनचूक वापर बायकोने केला होता. पुढच्या परीक्षेच्या वेळी काकू केंद्रावर आल्याच नाहीत. घरी सोफ्यावर बसून त्यांनी पाऊण तास हात जोडून ठेवले. नेमका चौक कधी येईल ते ठाऊक नव्हतं, म्हणून सगळा वेळ. काका पास झाले. परीक्षकाने हात मिळवून विचारलं, त्या भिंतीचं पुढे काय झालं? काका त्याला घरी जेवायला बोलावणार होते, आनेकेने बाहेर ओढून आणलं.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी मागच्या सीटवर होते. काकांनी स्टिअरिंग असं धरलं होतं, जणू ते कोणी हिसकावून नेणार आहे. तोंडातून शब्द नाही. दहा मिनिटं गाडीत एवढी शांतता होती की काकूच अस्वस्थ झाल्या. मग त्यांनी घसा खाकरला आणि सुरू केलं, "म्हातारा तेव्हा तरुण होता. घरामागे एक शेड होती." अध्याय पहिल्यापासून, शब्दन् शब्द, काकांच्या विरामांसकट! जन्मभर "पुरे आता" म्हणणाऱ्या या बाईला सगळं पाठ होतं. कुठे चुकल्याच, तर काका बोलू शकत नसल्यामुळे हॉर्न वाजवत. हॉर्नची सवय नसलेल्या या देशात पुढचे लोक दचकून मागे बघत. चौक आला तेव्हा काका समोर बघतच म्हणाले, "आलं." काकूंनी गोष्ट थांबवली, हात जोडले, मान लववली आणि पुढे सुरू केलं.

असे चार वर्षं रविवार गेले. मागच्या हिवाळ्यात काका गेले, दुपारी आडवे झाले ते उठले नाहीत. शेवटचा अध्याय, विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा, त्यांनी अर्धवटच ठेवला होता. "अजून घडतोय, संपला की सांगीन," असं म्हणायचे. मला ते आठवलं की राग येतो त्यांचा. सांगून जायला काय झालं होतं?

आता महिन्यातून एक रविवार माझा असतो. यावेळी काकू नाही म्हणाल्या नाहीत. निळी गाडी मीच चालवते. पहिल्यांदा गेलो तेव्हा काकू पट्टा लावून, मांडीवर थर्मास धरून शेजारी बसल्या होत्या. चौक जवळ आला आणि माझा पाय ब्रेकवर गेला. शोरूमची पाटी उतरवलेली होती, काचांना आतून कागद लावले होते. आता काय सांगायचं? काकूंना कुठे दिसतंय, असा विचार करून मी आवाज शक्य तितका साधा ठेवला आणि म्हणाले, "आलं."

काकूंनी हात जोडले, मान लववली. चौक मागे पडल्यावर म्हणाल्या, "पाटी काढली वाटतं त्यांनी."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"कडेचं दिसतं ग मला," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून दिसत होतं. पण ह्यांना 'आलं' म्हणायला फार आवडायचं, म्हणून बोलले नाही कधी."

माझे डोळे भरून आले. ते पुसायला मी हात उचलला, तर काकूंनी कडेच्या नजरेने तेही बघितलं.

"दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव," त्या म्हणाल्या. "नमस्कार मी केलाय."